पानगळीतल्या जंगलात ‘काहीच दिसलं नाही’ या नोंदीबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अभ्यास-प्रकल्पासाठी पानझडी जंगलाचा एक तुकडा निवडला, चार फेऱ्या मारल्या आणि चारही पानगळ उरकल्यावर. झाडं वाळल्यासारखी, जमिनीवर घोटाभर पाचोळा, सहा-सात जातींचे पक्षी आणि मुंग्या. तर अहवालात ‘जैवविविधता अत्यल्प’ असं लिहायचं का? पानं गेल्यावर बाकीचे जीव जातात कुठे? आणि गटातला एकजण म्हणतो तशी पाचोळा आणि मेलेली झाडं हटवण्याची शिफारस करावी का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही. तिसऱ्याचं बहुतेक वेळा नाहीच. मधला प्रश्न मात्र खरा आहे, आणि तो नीट सुटला की उरलेले दोन आपोआप सुटतात. तुमची अडचण जंगलात कमी जीव असण्याची नाही, तुमच्या चारही फेऱ्या एकाच हंगामात पडल्याची आहे. सदाहरित जंगलात कधीही गेलात तरी बरंचसं तेच चित्र दिसतं. पानझडी जंगल पाळ्यांमध्ये चालतं. एक पाळी संपून दुसरी सुरू व्हायच्या मधल्या वेळेत तुम्ही दारात उभे होतात.

आधी परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण तुम्ही जंगलाचा प्रकार लिहिलेला नाही. पानझडी जंगलं ढोबळमानाने दोन तऱ्हेची. एक थंड प्रदेशातलं: ओक, बीच, मेपल यांचं. तिथे पानं जातात ती थंडीमुळे, आणि इशारा मिळतो तो दिवस लहान होत गेल्याचा. दुसरं उष्ण प्रदेशातलं, साग, ऐन, सालई, पळस यांचं. तिथे पानं जातात ती जमिनीतली ओल आटल्यामुळे. दोन्हीकडे झाडं उघडी पडतात, पण उघडेपणाच्या काळात जे घडतं ते अगदी वेगळं. थंड जंगलात त्या काळात झाडाचे बहुतेक व्यवहार थंडावतात. कोरड्या जंगलात नेमका तेव्हाच फुलांचा आणि फळांचा मोठा बाजार भरतो. मी बरीच वर्षं दुसऱ्या प्रकारात काम केलंय, पहिल्या प्रकारात मोजके हंगाम. त्यामुळे माझा कल कुठे जाईल हे लक्षात ठेवूनच वाचा. याशिवाय जंगलाचं वय, उतार कुठल्या बाजूचा, ओढा किती लांब, गेल्या वर्षी वणवा लागला होता का, यांनीही नोंदी बदलतात. ओढ्याकाठचं झाड आणि टेकाडावरचं त्याच जातीचं झाड यांच्या पानगळीत काही आठवड्यांचा फरक सहज पडतो.

आता पानगळीबद्दल. बहुतेकांना वाटतं पान वाळतं आणि वाऱ्याने पडतं. फांदी मोडून टाकली तर तिच्यावरची पानं वाळतात खरी, पण कित्येकदा महिनोन् महिने तशीच चिकटून राहतात. कारण पान गळणं हे जिवंत फांदीचं काम आहे. देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर तयार होतो, तिथून देठ सुटतो आणि फांदीच्या बाजूने ती जागा बुजवली जाते. त्याआधी झाड पानातला ऐवज मागे ओढून घेतं. नायट्रोजन आणि फॉस्फरस साधारण निम्मा, कधी त्याहून जास्त. हरितद्रव्य मोडलं की आतला पिवळा रंग उघडा पडतो, तो आधीपासून तिथेच असतो. लाल रंग मात्र बऱ्याच झाडांत त्या वेळी नव्याने बनवला जातो. कॅल्शियम मागे घेता येत नाही, ते पानाबरोबर खाली जातं. म्हणजे खाली पडतं ते भंगार नव्हे, अर्धा हिशेब चुकता केलेलं पान. उरलेला अर्धा जमिनीला मिळतो.

पुढच्या फेरीत एक करा. फांदीचं टोक हातात घ्या आणि देठ सुटल्याची खूण शोधा. काही जातींत ती नालासारखी असते, काहींत हृदयासारखी. भिंगातून बघितलंत तर तिच्यात बारीक ठिपके दिसतील. पानात जाणाऱ्या अन्नपाण्याच्या नळ्या तिथे बुजल्यात. बरोबर त्या खुणेच्या डोक्यावर कळी असते. ती ब्लेडने उभी चिरा. वरची खवलं टणक, कधी चिकट. आत कागदाच्या पंख्यासारखी चुण्या घालून ठेवलेली पुढची पानं, आणि थंड प्रदेशातल्या कित्येक झाडांत फुलंसुद्धा. हे सगळं आदल्या हंगामातच घडवून ठेवलेलं असतं. तुम्हाला ‘वाळलेलं’ दिसलेलं झाड असं बांधाबांध करून बसलेलं होतं.

यात मी स्वतः तोंडघशी पडलोय. नवखा असताना उघड्या जंगलात झाडांची मोजणी केली आणि एका पट्ट्यात १९ झाडं ‘मृत’ म्हणून लिहून मोकळा झालो. पाऊस यायच्या आधी पुन्हा गेलो तर त्यातली १६ झाडं पालवलेली. तेव्हापासून नखाने साल खरवडल्याशिवाय मी कुठल्याच झाडाला मेलेलं म्हणत नाही. खाली हिरवा ओलसर थर असेल तर झाड जिवंत. बारीक फांदीवर बघा, जाड खोडावर नख चालत नाही. काही झाडांचा तर हा सालीखालचा हिरवा थर पानं नसताना प्रकाशसंश्लेषणही करतो. ॲस्पेन या थंड प्रदेशातल्या झाडाच्या सालीत हे चांगलं मोजलं गेलंय.

वनस्पती जातात कुठे, याचं उत्तर दोन जंगलांत दोन तऱ्हेचं. थंड जंगलात उन्हाळ्याची पानं पूर्ण उघडली की जमिनीपर्यंत पोचणारा प्रकाश बाहेरच्या उन्हाच्या जेमतेम काही टक्के उरतो. म्हणून तळातल्या कित्येक छोट्या वनस्पती आपला धंदा त्याआधीच उरकतात. बर्फ वितळल्यापासून वर पानांचं छत जुळून येईपर्यंत मिळणाऱ्या काही आठवड्यांत उगवणं, फुलणं, बी धरणं आणि पुन्हा कंदात शिरणं. वुड ॲनिमोन आणि ब्लूबेल या त्यातल्या, आणि ट्रिलियमही छत जुळायच्या आधीच फुलते. ट्रिलियमला बी रुजल्यापासून पहिलं फूल यायला कित्येक वर्षं लागतात, सात-आठ म्हटली तरी चालेल. तिच्या बीला तेलकट खाऊचा एक गोळा चिकटलेला असतो. मुंग्या त्याच्यासाठी बी वारुळात ओढून नेतात, खाऊ खातात आणि बी टाकून देतात. तुमच्या यादीत ‘मुंग्या’ एवढाच शब्द आहे, म्हणून हे सांगितलं. त्या काय वाहून नेत होत्या, हे लिहायला हवं होतं.

कोरड्या पानझडी जंगलात गंमत उलटी आहे. पळस, सावर, पांगारा ही झाडं पानं टाकून मग फुलतात. मधे पानांचा पडदा नसल्याने लाल-केशरी फूल लांबूनही दिसतं, आणि मधासाठी पक्ष्यांची झुंबड उडते. मोहाची फुलं रात्री उमलतात, वटवाघळं येतात, आणि पहाटे रसाळ पाकळ्यांचे पेले टपटप खाली पडतात. चितळ, सांबर, अस्वल, वानरं सगळी तिथे हजेरी लावतात. सकाळी दहा वाजता पोचलेल्या माणसाला झाडाखाली फार तर चार सुकलेली फुलं दिसतात. तुमच्या फेऱ्या किती वाजता होत्या?

आणखी एक गोष्ट मला अजूनही नवलाची वाटते. या जंगलातली बरीच झाडं नवी पालवी पावसाची वाट न बघता काढतात, ऐन उन्हाळ्यात, जमीन भेगाळलेली असताना. कोशिंबाची लालभडक पालवी बघून लोक तिला फुलं समजतात. झाडाने पानं टाकली की पाण्याचा खर्च थांबतो. खोल मुळांनी आणि खोडात साठलेल्या पाण्याने पेशी पुन्हा भरतात, आणि दिवस मोठे होऊ लागले की कळ्या फुटतात. फायदा उघड आहे: पहिला पाऊस पडेल तेव्हा पानं तयार असतात, आणि खादाड अळ्यांची मुख्य फौज अजून आलेली नसते. सागाचा पानं खाणारा पतंग, हिब्लिया, पावसाळ्याच्या सुरुवातीला कोवळ्या पानांवर असा तुटून पडतो की काही दिवसांत पट्टेच्या पट्टे उघडे होतात. म्हणजे सागाचं जंगल भर पावसातही उघडं दिसू शकतं, आणि ती पानगळ नसते.

प्राण्यांकडे वळू. उपाशी हंगामात त्यांच्यापुढे मोजकेच रस्ते असतात: निघून जाणं, झोपणं, खाणं बदलणं, नाहीतर खाली सरकणं. पहिला रस्ता पक्ष्यांचा म्हणून सगळ्यांना माहीत असतो, पण पतंगही तो धरतात. कोस्टारिकात ग्वानाकास्तेच्या कोरड्या जंगलातले मोठे हॉकमॉथ कोरड्या दिवसांत ओल्या जंगलांकडे जातात. परिसंस्थांचे अभ्यासक डॅनियल जॅन्झन यांनी तिथे अनेक दशकं काम करून ते दाखवलं. त्यातून निघणारा अर्थ व्यवहाराचा आहे. शेजारचं ओलं जंगल तुटलं तर कोरड्या जंगलातली फुलं परागाविना राहू शकतात, मग कोरड्या जंगलाला कितीही कुंपण घाला.

झोपणाऱ्यांत माझा आवडता उत्तर अमेरिकेतला वुड फ्रॉग. हा बेडूक थंडीत खोल बिळात जात नाही, पाचोळ्याखालीच बसतो आणि गोठतो. खरोखर गोठतो: अंगातल्या पाण्याचा सुमारे दोन-तृतीयांश भाग बर्फ होतो, हृदय थांबतं. पेशी फाटू नयेत म्हणून यकृतातून साखर रक्तात सोडली जाते. वसंतात तो वितळतो आणि डबक्याकडे उड्या मारत निघतो. युरोपातला हेझल डॉरमाऊस हा उंदरासारखा छोटा प्राणी उन्हाळाभर झाडांवर फिरतो आणि हिवाळ्यात जमिनीवर येऊन पाचोळ्यात गोळा होऊन झोपतो. कोरड्या जंगलात गोगलगाई शंखाचं तोंड वाळलेल्या पडद्याने बंद करून सालीच्या फटीत महिने काढतात. हे सगळे तुमच्या बुटाखाली आणि कोपराजवळ असणार, आणि तुमच्या यादीत त्यांच्या नावाने काहीच नाही. यादी करणाऱ्याचा त्यात दोष नाही, चालता चालता ते दिसतच नाहीत.

म्हणून पाचोळ्याकडे जरा वेळ देऊ. एक फूट लांब-रुंदीची लाकडी चौकट घ्या, ती जमिनीवर टाका आणि आतला पाचोळा थरांनी उचला. वरची पानं अख्खी, कुरकुरीत. त्यांच्या खालची ओलसर, जाळी पडलेली. शिरा शाबूत आणि मधला भाग खाल्लेला. त्याखाली पानं एकमेकांना पांढऱ्या धाग्यांनी शिवल्यासारखी चिकटलेली, ती बुरशी. आणि सगळ्यात खाली काळी भुसभुशीत माती, जिच्यात पान ओळखूच येत नाही. ते सगळं पांढऱ्या कापडावर चाळा आणि पाच मिनिटं हलू नका. आधी काहीच नसतं. मग एक ठिपका चालायला लागतो. तांदळाच्या कणीएवढा एक जीव टुणकन उडतो, तो स्प्रिंगटेल. विंचवासारख्या नांग्या पण शेपूट नसलेला एक इवलासा प्राणी मागे सरकतो, तो खोटा विंचू. माइट, वाणी, कोळ्यांची पिल्लं. उरलेला पाचोळा नरसाळ्यात जाळीवर ठेवा, वर दिवा लावा, खाली अल्कोहोलची बाटली. दिव्याने वरचा थर वाळत जातो, जीव ओलीकडे खाली सरकतात आणि बाटलीत पडतात. या साधनाला बर्लेसचं नरसाळं म्हणतात. चार-पाच दिवस ठेवा आणि मग अहवालातला ‘अत्यल्प’ हा शब्द स्वतःच्या हाताने खोडा.

समशीतोष्ण पानझडी जंगलात एका हेक्टरवर वर्षाला साधारण ३ ते ५ टन कोरडा पाचोळा पडतो. तो हटवणं म्हणजे झाडाने मागे न घेतलेला सगळा ऐवज, विशेषतः कॅल्शियम, जंगलाबाहेर नेणं. झाडं आणि माती यांचा हा हिशेब किती घट्ट असतो ते अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या हबर्ड ब्रुक जंगलात मोजलं गेलं. तिथे १९६३ पासून ओढ्याच्या पाण्यात काय वाहून जातं याच्या नोंदी आहेत. १९६५-६६ च्या हिवाळ्यात एका अख्ख्या पाणलोटातली झाडं तोडली आणि पुढे काही उन्हाळे तिथे काही उगवू दिलं नाही. ओढ्यातलं नायट्रेट कित्येक पटींनी वाढलं, पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपलीकडे गेलं. धरून ठेवणारं कोणी नसलं की मातीतली पुंजी पाण्याबरोबर निघून जाते.

पण ‘पाचोळा जितका जाड तितकं जंगल चांगलं’ असंही लिहू नका. कोरड्या जंगलात पाचोळ्याचं काम मोठ्या प्रमाणात वाळवी करते आणि पावसात तो झपाट्याने कुजतो. तिथे पावसाळ्याअखेर जमीन जवळजवळ उघडी दिसणं हे नेहमीचंच. उलट उत्तर अमेरिकेच्या उत्तर भागात, जिथे हिमयुगात बर्फाचे थर होते, तिथे मूळची गांडुळंच नव्हती. युरोपातून आलेली गांडुळं आता तिथला जाड पाचोळा फस्त करतात, आणि त्या थरात रुजणारी नेचं आणि वसंतफुलं मागे हटतात. शेतकऱ्याचा मित्र तिथे पाहुणा होऊन घर खाली करतोय. वस्तीला लागून, वणव्याच्या वाटेवर आगपट्टा साफ ठेवणं ही वेगळी गोष्ट, ती गरज म्हणून करावी. आरोग्याच्या नावाखाली नको.

मेलेल्या झाडांबद्दल फार लिहीत नाही. उभं मेलेलं झाड म्हणजे सुतारपक्ष्याची ढोली, मग त्याच ढोलीत दुसऱ्या पक्ष्यांची घरटी, मग वटवाघळं, खाली पडल्यावर भुंगेऱ्यांच्या अळ्या आणि बुरशी. पोलंड आणि बेलारूसच्या सीमेवरचं बियावोव्हिएझाचं जुनं जंगल बघितलेल्या माणसाला नीटनेटकं जंगल उपाशी वाटायला लागतं. पायवाटेवर कोसळेल असं झाड असेल तर पाडा, पण ओंडका तिथेच राहू द्या.

वेळेचा मुद्दा मी मुद्दाम शेवटाकडे ठेवला, कारण तुमच्या अहवालात तोच सगळ्यात कामाचा आहे. ऑक्सफर्डजवळच्या विथमच्या जंगलात १९४७ पासून ग्रेट टिट या चिमुकल्या पक्ष्याच्या घरट्यांच्या नोंदी आहेत. पिल्लांना अळ्या लागतात, अळ्यांना ओकची कोवळी पानं. पानं जून झाली की ती चिवट होतात आणि त्यांच्यात टॅनिन हे तुरट द्रव्य वाढतं. पॉल फीनी यांनी १९७० मध्ये त्याच जंगलातल्या ओकवर हे दाखवलं. म्हणून अळ्यांची भरती वसंतातल्या थोड्याच दिवसांत येते आणि ओसरते. पक्ष्याने अंडी त्या हिशेबाने घालायची. वसंत लवकर यायला लागल्यावर विथममधल्या टिटांनी अंडी घालणं साधारण दोन आठवडे अलीकडे आणलं. आफ्रिकेहून येणाऱ्या पाइड फ्लायकॅचर या पक्ष्याला ते पुरेसं जमलं नाही. युरोपातल्या ओकला पालवी कधी फुटली हे आफ्रिकेत बसून कळणार कसं? नेदरलँड्समध्ये जिथे अळ्यांचा हंगाम सगळ्यात लवकर येतो तिथे दोन दशकांत हे पक्षी सुमारे ९० टक्क्यांनी घटले, हे २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. झाडं तीच, पक्षी तेच, अळ्याही त्याच. चुकला तो फक्त पंधरवडा.

आणि वर्षावर्षांतही फरक पडतो. ओक आणि बीच काही वर्षी फळांनी लगडतात आणि काही वर्षी जवळजवळ रिकामे राहतात. भरल्या वर्षानंतर उंदीर वाढतात, मग त्यांच्यावरच्या गोचिड्या आणि त्यांना खाणारी घुबडं. अमेरिकन चेस्टनट हे झाड उशिरा फुलत असल्याने उशिराच्या गारठ्यातून वाचायचं आणि दरवर्षी बऱ्यापैकी फळायचं. १९०४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याच्यावर परदेशी बुरशी आढळली आणि पुढच्या अर्ध्या शतकात अब्जावधी झाडं गेली. त्या जागी ओक वाढले, जंगल हिरवंच राहिलं, पण खालच्या प्राण्यांचं दरसालचं जेवण लहरी झालं. त्याच जंगलांत १३ आणि १७ वर्षांनी जमिनीतून निघणारे सिकाडा हे किडे आहेत. इतकी वर्षं ते मुळांचा रस पीत बसतात आणि माती सुमारे १८ अंशांपर्यंत तापली की एकदम वर येतात. एका वर्षाच्या पाहणीत ते सापडतीलच असं कोण म्हणेल?

तर अहवालात असं करा. ‘जैवविविधता अत्यल्प’ काढा आणि लिहा: ‘पानगळीनंतर दिवसा मारलेल्या चार फेऱ्यांत इतक्या जाती प्रत्यक्ष दिसल्या.’ फेऱ्यांच्या तारखा, वेळ, किती माणसं, किती अंतर चाललात, सगळं द्या. नवीन जागा शोधत बसू नका, त्याच तुकड्यातली वीसेक झाडं वेगवेगळ्या उंचीवरची निवडून त्यांना क्रमांक द्या. दर पंधरा दिवसांनी प्रत्येकाची पानं, पालवी, फूल, फळ यांची अवस्था लिहा, शक्यतो एकाच माणसाने, म्हणजे ‘अर्धी पालवी’ म्हणजे किती यावर वाद होत नाहीत. एक फेरी उजाडायच्या आधीची, एक रात्रीची, आणि पाचोळ्याचे निदान पाच नमुने. दिसलं नाही पण खूण आहे अशांसाठी वेगळा रकाना ठेवा: लेंड्या, सालीवरचे ओरखडे, कुरतडलेल्या बिया, ढोल्या, कोषांची रिकामी टरफलं. माझा अनुभव असा की उघड्या हंगामात हाच रकाना सगळ्यात आधी भरतो.

मुदत जवळ असेल आणि वर्षभर थांबता येत नसेल तर एवढं तरी करा: चार-पाच जातींच्या कळ्या असलेल्या बारीक फांद्या कापून पाण्यात ठेवा आणि उजेडात ठेवून रोज फोटो काढा. सगळ्या उघडतीलच असं नाही. थंड प्रदेशातल्या कित्येक कळ्यांना आधी पुरेशी थंडी खावी लागते, त्याशिवाय त्या हलत नाहीत. जी उघडेल तिचा आणि जी उघडणार नाही तिचाही फोटो अहवालात लावा, खाली फांदी कापल्याची तारीख लिहून.